मधली सीट

१

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी सहाला बेंगळुरूच्या बनशंकरीतून निघायचं, हा प्रवीणकुमारच्या घरचा नेम होता. लोक पोराबाळांना घेऊन मॉलमध्ये जातात, नंदी हिल्सवर धुकं बघायला जातात. याला ओसाड गावांचं वेड. बंद पडलेल्या खाणींच्या वसाहती, पाणी आटलं म्हणून सोडून दिलेली खेडी, असलं काहीबाही तो नकाशावर हुडकून ठेवायचा आणि सगळ्यांना गाडीत घालून दाखवायला न्यायचा. "तिथं बघायला आहे काय?" असं आसावरीनं लग्नानंतर विचारलं होतं. "काहीच नाही. तेच तर बघायचं," असं उत्तर मिळालं होतं.

आसावरी पुण्याची. मारतहळ्ळीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. दुसऱ्यानं केलेल्या चुका शोधून काढण्यात दिवस जायचा, त्यामुळे कुठलीही गोष्ट एकदा घडली तर तिला तिचं काही वाटत नसे. दोनदा घडली की ती कान टवकारायची. प्रवीणचं घराणं मात्र चार पिढ्या बेंगळुरूत मुरलेलं. घरात मराठी, पण तिला कानडीची फोडणी. सासूबाई पुष्पावती अडुसष्ट वर्षांच्या, कानानं तिखट आणि बोलायला कमी. आणि सात वर्षांची स्वानंदी, जिला या सहलींमधलं फक्त गाडीत बसून पुळियोगरे, म्हणजे चिंचेचा भात, खाणं आवडायचं.

बसायच्या जागाही ठरलेल्या. पुढे प्रवीण आणि आसावरी. मागे डाव्या खिडकीशी अज्जी, मधे स्वानंदी, कारण तिला तिथून समोरचा रस्ता दिसायचा, आणि उजव्या खिडकीशी डब्यांची पिशवी. गाडी दोनच महिन्यांपूर्वी घेतलेली, नवी कोरी. सीटांवरचं प्लॅस्टिकही प्रवीणनं मोठ्या नाइलाजानं काढलं होतं.

मे महिना होता. कोलारच्या पुढे तास-दीड तास गेल्यावर ते होन्नकट्टेला पोचले. खाणकामगारांची वसाहत. चाळीचाळींनी बांधलेली घरं, पण पत्रे नाहीत, चौकटी नाहीत, खिडक्यांच्या जागी नुसती भोकं. प्रवीणनं एका मोठ्या झाडाच्या सावलीत गाडी लावली, आत ऊन कोंडू नये म्हणून चारही दारं सताड उघडी ठेवली आणि कॅमेरा गळ्यात अडकवून चालू लागला.

वीस-पंचवीस मिनिटं ते फिरले. काही घडलं नाही. एका घराच्या भिंतीवर मुलांची उंची मोजलेल्या कोळशाच्या रेघा होत्या, त्या बघून आसावरीला उगाच भरून आलं, एवढंच.

परत गाडीपाशी आल्यावर स्वानंदी उजव्या दारानं आत शिरली. डब्यांची पिशवी उचलून तिनं मांडीवर घेतली आणि खिडकीला चिकटून बसली.

"अगं, मधे बस ना," आसावरी म्हणाली.

"इथंच बरंय," स्वानंदी म्हणाली.

२

गाडी सुरू झाली आणि टिंग टिंग टिंग असा आवाज येऊ लागला. मागे कुणी पट्टा बांधलेला नसला की येतो तो.

"स्वानू, बेल्ट."

"लावलाय."

"आई, तुमचा?"

"आयतु, लावला की," पुष्पावती म्हणाल्या.

समोरच्या पडद्यावर पाच सीटांचं छोटं चित्र होतं. चार ठिपके हिरवे. मागच्या रांगेतला मधला लाल.

"पिशवी ठेवलीय का मधे?" प्रवीणनं विचारलं.

आसावरी वळली. पिशवी स्वानंदीच्या मांडीवर होती. मधली सीट रिकामी. तिनं हात मागे नेऊन सीटवरून फिरवला. कापड कोमट होतं. उन्हात उभ्या गाडीचं कापड तापणारच, हे तिला कळत होतं. पण गाडी सावलीत होती, हेही तिला त्याच क्षणी आठवलं.

"सेन्सर बिघडला असेल," प्रवीण म्हणाला. "शोरूमवाल्याला दाखवतो सोमवारी."

दहा मिनिटं ते टिंग टिंग चालू राहिलं. वैतागून प्रवीणनं गाडी कडेला घेतली, मागचं दार उघडून आत वाकला आणि मधला पट्टा ओढून खटकन खाचेत अडकवला. आवाज थांबला. ठिपका हिरवा झाला.

"झालं. रिकाम्या सीटला बांधून टाकलं," तो हसत म्हणाला आणि पुन्हा स्टिअरिंगमागे बसला.

आसावरीही हसली. मग सहज म्हणून तिनं वरच्या आरशात पाहिलं. रिकाम्या सीटवरचा पट्टा पाठीला चिकटून सपाट राहायला हवा. हा तसा नव्हता. तो मधोमध थोडा पुढे आलेला होता. नवीन पट्टे ताठ असतात, असं तिनं स्वतःला सांगितलं.

पुष्पावती त्या पट्ट्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी आपल्या साडीचा पदर सीटवरून उचलून अलगद जवळ ओढून घेतला होता, शेजारी कुणी बसलं की बायका ओढतात तसा.

३

मुद्दनकुंटे हे दुसरं गाव. कूपनलिका कोरड्या पडल्या आणि एकेक घर करत सगळं गाव उठून गेलं, असं प्रवीणनं कुठंतरी वाचलं होतं. साडेबारा वाजले होते. ऊन असं की सावल्यासुद्धा पायाखाली लपलेल्या. प्रवीणनं सवयीनं दारं उघडी टाकली आणि गेला. पुष्पावती गाडीतून उतरल्या, पण चार पावलांवर एका कट्ट्यावर बसून राहिल्या.

आसावरी स्वानंदीचा हात धरून एका गल्लीत वळली. घरांना कुलपं होती, गंजून दाराच्या रंगाचीच झालेली. गल्लीच्या टोकाच्या घराला मात्र कुलूप नव्हतं. उंबऱ्यापुढची जागा झाडून घेतलेली होती. पायरीवर दोरीनं आवळलेली वळकटी, तिच्यावर पालथी घातलेली पितळी घागर, आणि घागरीला टेकवून उभा केलेला खराटा. घर बदलणारे लोक टेम्पोची वाट बघत सामान बाहेर काढून ठेवतात, तसं.

"मेंढपाळ असतील," आसावरी मोठ्यानं म्हणाली. स्वानंदीला सांगायला म्हणाली, पण ऐकत तीच होती.

मग तिचं लक्ष अंगणाकडे गेलं. सडा घातलेला होता. माती अजून काळी, ओली होती. या उन्हात पाणी पाच मिनिटंही टिकलं नसतं. म्हणजे आत्ताच. म्हणजे आत कुणीतरी.

"कोणी आहे का?" तिनं हाक मारली. मग आठवून कानडीत, "यारु इद्दीरा?"

आतून भांड्याला भांडं लागल्यासारखा बारीक आवाज आला आणि लगेच थांबला. एखाद्या घाईतल्या बाईनं हातातलं भांडं दुसऱ्या हातानं दाबून गप्प करावं, तसा.

आसावरी मागे फिरली. पळाली नाही, कारण पळाली असती तर स्वानंदीला कळलं असतं. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिनं एकदाच वळून पाहिलं. पायरी मोकळी होती. वळकटी नाही, घागर नाही, खराटा नाही. ओली माती तेवढी काळी दिसत होती.

"आई, चल ना," स्वानंदी म्हणाली. "ते निघाले."

"कोण निघाले?"

स्वानंदीनं आईकडे असं पाहिलं, जणू आई उगाच विचारतेय.

४

तिसरं गाव परतीच्या वाटेवर होतं. तिकडे जाताना एका खेड्यापाशी गतिरोधक लागला. सकाळी त्याच्यावरून गाडी लोण्यासारखी गेली होती. आता गाडीचं पोट खर्रकन घासलं. इतकं, की प्रवीणचे दात आवळले गेले.

"हे काय?" तो म्हणाला.

पुढच्या गतिरोधकावर त्यानं गाडी जवळजवळ थांबवून, तिरकी घालून नेली. तरी घासली.

आसावरी हिशेब मांडत बसली. चाकातली हवा कमी झाली असेल. रस्ता सकाळपेक्षा खचला असेल. पण गाडी चढावर दम टाकत होती, प्रवीण पुन्हा पुन्हा गिअर खाली आणत होता, आणि गाडीत चारच माणसं होती. त्यातलं एक सात वर्षांचं.

वास आला. घाण वास असता तर तिला बरं वाटलं असतं. मेलेला उंदीर, जळकं रबर, असलं काही शोधून तरी काढता आलं असतं. हा वास खोबरेल तेलाचा होता, धुवून घडी घातलेल्या जुन्या लुगड्यांचा आणि अबोलीच्या फुलांचा. लांबच्या प्रवासाला निघताना माणसं नटून-थटून बसतात, तेव्हा गाडीत दाटतो तो वास.

"तुम्ही तेल लावलंय का, आई?"

पुष्पावतींनी मान हलवली. नाही.

मग काचा धूसर होऊ लागल्या. मागच्या. आतून. एसी चालू होता, बाहेर चाळीस अंश ऊन होतं, आणि मागच्या काचेवर दमट वाफेचा थर चढत होता. पुष्कळ माणसं दाटीवाटीनं बसून श्वास घेत असावीत, तसा. आसावरीनं एसीचा झोत वाढवला. थर वाढतच गेला. मग त्या थरावर, मधोमध, कुणी तळव्यानं पुसावा तसा एक वाटोळा डाग मोकळा झाला. बाहेर बघण्यापुरता. तो खूप खाली होता.

स्वानंदीचे दोन्ही हात पिशवीवर होते.

"प्रवीण," आसावरी म्हणाली. "तिसरं गाव नको."

प्रवीणनं आरशात पाहिलं होतं. तो कधी कुठलं गाव सोडत नसे. "नको," तो म्हणाला.

५

थोडं पुढे गेल्यावर पुष्पावतींनी गाडी थांबवायला सांगितलं.

"स्वल्प थांब रे. रस्त्यावरच थांब. दारं उघडू नको."

गाडी थांबली. दोन्ही बाजूंना नीलगिरीची झाडं, लांबवर एक ट्रॅक्टर.

"अम्मा, तुला काही दिसतंय का?" प्रवीणनं विचारलं.

"दिसत नाही काही. पण मला खेटून बसलंय की कोण तरी. होन्नकट्टेपासून." त्या शांतपणे बोलत होत्या, पण त्यांची बोटं पदराशी सारखी चाळा करत होती. "ओसाड गावात गाडीची दारं सताड उघडी टाकून फिरतोस. गाव सोडून जायला बसलेली माणसं, त्यांना काय वाटेल? गाडी आली आपल्याला न्यायला, असंच वाटणार ना?"

आसावरीला वाटलं, हे बोलणं थांबावं. म्हाताऱ्या माणसाच्या मनाचे खेळ, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं.

पुष्पावती मग वळल्या आणि मधल्या सीटकडे तोंड करून, पाहुण्यांशी बोलतात तसल्या अदबीनं म्हणाल्या, "एल्लि इळीबेकु निमगे?" कुठं उतरायचंय तुम्हाला?

एसीचा घूं घूं आवाज. बाकी काही नाही.

स्वानंदी खिडकीकडे तोंड करून बसली होती. ती तशीच म्हणाली, "अज्जी, ते म्हणतायत, आपण उतरू तिथं."

आसावरीच्या डोळ्यांपुढे बनशंकरीचं घर आलं. दुसरा मजला, दाराशी चपलांचा स्टँड, आतली स्वानंदीची खोली, फुलपाखरांचे पडदे.

"स्वानू, इकडे बघ माझ्याकडे. किती जण आहेत?"

"माहीत नाही. मागे डिकीत पण आहेत. एक आजोबा खोकतात." ती जरा थांबली. "आणि ही आहे. ही लहान आहे. हिला घट्ट होतंय, पण ती काही बोलत नाही."

प्रवीणनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "आता काय करायचं?" तो कुणालाच न विचारता म्हणाला.

"घरी नाही जायचं," आसावरी म्हणाली. हा आवाज आपला आहे, याचं तिलाच नवल वाटलं. "आपण उतरू तिथं उतरणार ना ते? मग आपण घरी उतरायचंच नाही. वाटेतल्या होसकोटेच्या बसस्टँडवर उतरायचं. तिथून दहा दिशांना गाड्या जातात. जिथं जायचं तिथं जाऊ देत त्यांना."

"आणि ते आपल्याच मागे आले तर?"

"चल तू," ती म्हणाली.

६

होसकोटेला पोचायला साडेपाच झाले. स्टँडवर शनिवारची गर्दी उसळलेली. केळ्यांच्या गाड्या, पोती घेऊन उभी माणसं, कंडक्टरांच्या आरोळ्या. एरवी या गर्दीनं आसावरीचं डोकं उठायचं. आज तिला रडू येईल इतकं बरं वाटलं.

प्रवीणनं स्टँडच्या कुंपणाला लागून गाडी उभी केली. चौघं उतरले. चारही दारं उघडी टाकली, डिकीचं झाकण वर केलं. पुष्पावती दाराशी उभ्या राहिल्या आणि हात जोडून, हळू आवाजात म्हणाल्या, "बस स्टँड बंतु. इळीरी." स्टँड आला. उतरा.

ठरलं असं की आसावरीनं अज्जीला आणि मुलीला बसनं घेऊन पुढे जायचं, आणि प्रवीणनं समोरच्या चहाच्या टपरीवर थांबून, अर्ध्या तासानं गाडी आणायची. बेंगळुरूच्या मेजेस्टिक स्टँडला जाणारी बस लागलेलीच होती. तिघींना मागच्या बाजूला जागा मिळाली. बस भरायची होती, ड्रायव्हर खाली उभा होता.

खिडकीतून गाडी दिसत होती. आसावरीनं ठरवलं होतं की बघायचं नाही. पण नजर गेलीच.

गाडी मागच्या बाजूनं खाली दबलेली होती. ती उचलली गेली. एकदम नाही. थोडी वर आली, थांबली. पुन्हा थोडी. पुन्हा. कुणी सावकाश, एकेकानं पाय खाली टेकत उतरावं, तशी. आसावरी मोजत होती. नऊ वेळा गाडी हलली. आणि दर वेळी गाडीलगत चालणारी माणसं, टोपलीवाली बाई, हातात हेल्मेट घेतलेला मुलगा, किंचित बाजूला सरत होती, धक्का लागू नये म्हणून सरतात तशी. का सरलो, हे त्यांनाही कळत नसावं.

मग गाडी स्थिर झाली.

"उतरले," पुष्पावती म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

"ती नाही उतरली," स्वानंदी म्हणाली.

आसावरीनं पाहिलं. उघड्या दारातून मागची सीट स्वच्छ दिसत होती. मधला पट्टा खाचेत अडकलेला होता, प्रवीणनं अडकवला होता तसाच. आणि तो हलत होता. पुढे ताणला जायचा, मागे यायचा. पुढे ताणला जायचा.

तिनं फोन लावला. टपरीपाशी प्रवीण पाठमोरा उभा दिसत होता.

"प्रवीण, मधला पट्टा सोड. तो सोडायचा राहिलाय."

"मला नाही जमणार, आसावरी," तो म्हणाला. "खरंच नाही जमणार."

बसचं इंजिन सुरू झालं. आसावरीला वाटलं, जाऊ दे. आपली मुलगी आपल्याजवळ आहे. बस निघेल, आणि हे सगळं मागे राहील. पण तसं वाटत असतानाच तिला आठवलं की ही गाडी रात्री आपल्याच दाराशी येणार आहे.

आणि शिवाय तो पट्टा हलत होता.

"आई, हिला धरून ठेवा," ती म्हणाली आणि उतरली.

७

ती गाडीपाशी पोचली. आतून तेलाचा आणि अबोलीचा वास येत होता, आता फिकट. सीटच्या कापडावर एक खळगा होता, लहानसा. त्याच्यापुढे दोन पोटऱ्यांचे ठसे. सीटच्या कडेपर्यंतसुद्धा न पोचणारे.

ती बघत राहिली असती तर तिचं धाडस संपलं असतं. तिनं वाकून, तोंड दुसरीकडे करून, लाल बटण दाबलं. खट्. पट्टा सुटला, पण एकदम मागे गेला नाही. कशावरून तरी घसरत, अडत, हळूहळू गेला.

मग तिच्या उजव्या हाताची करंगळी कुणीतरी धरली.

हात गार नव्हता. तोच तिला सगळ्यात मोठा धक्का होता. कोमट होता, थोडा चिकट, गर्दीत लहान मूल धरतं तसा गच्च. हात झटकावा, असं आसावरीच्या अंगाचा कणन् कण ओरडत होता, आणि अंग मात्र दुसरंच करत होतं. ते चालू लागलं. सात वर्षं मुलीला घेऊन फिरलेला हात थोडा खाली झुकला, पावलं आखूड झाली.

ती स्टँडमध्ये शिरली. कुठं न्यायचं? कोण घेणार? समोर एक बस वळत होती, तिच्या दाराच्या काचेत क्षणभर तिला आपलं रूप दिसलं. विस्कटलेले केस, पांढरा पडलेला चेहरा, आणि कमरेच्या उंचीवर, तिला लागून, तेलानं चप्प बसवलेला भांग. मग बस पुढे सरकली.

ती किती फलाटांवरून गेली, तिला पुढे कधी सांगता आलं नाही. शेवटच्या फलाटावरच्या बाकावर एक म्हातारी बोचकं घेऊन बसली होती. आसावरी समोर थांबली. म्हातारीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलंच नाही. तिनं आसावरीच्या शेजारी, खाली पाहिलं. थोडा वेळ पाहिलं. मग बोचकं उचलून मांडीवर घेतलं आणि बाकावर जागा केली.

करंगळी सुटली.

"इवर जोते होगत्ता?" आसावरीनं मोडक्या कानडीत विचारलं. ही त्यांच्याबरोबरची आहे का? कुणाबरोबरची, हे तिलाही माहीत नव्हतं. म्हातारी रस्त्याकडे बघत बसली, बस यायची वाट बघत.

आसावरी पळत सुटली. बस हलू लागली होती, कंडक्टर ओरडत होता. तिनं दांडा धरून पायरी गाठली, माणसांतून वाट काढत सीटवर येऊन कोसळली आणि स्वानंदीला असं घट्ट धरलं की पोर कळवळलं. पुष्पावतींनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

बस वळण घेऊन मोठ्या रस्त्याला लागली. शेवटच्या फलाटाकडे बघता आलं असतं. तिनं पाहिलं नाही.

"आई," स्वानंदीनं खालच्या आवाजात विचारलं, "सापडली का गं तिची आई?"

"सापडली," आसावरी म्हणाली.